वर्तुळांचा यजमान कोण?

हौशी : ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाकडे, ब्रोकन हिल या खाणीच्या गावापासून सुमारे 130 किलोमीटरवर मुतविंजी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सगळीकडे तांबडी, कोरडी जमीन. मधेच घळी, घळींत पाण्याचे डोह आणि त्या डोहांच्या आसपास खडकांवर तिथल्या आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या खुणा. कांगारू, एमू, त्यांची पावलं असं सगळं दगडावर ठोकून काढलेलं. कपारींत हातांचे छाप आहेत. हात खडकावर टेकवायचा, तोंडात गेरूचं पाणी धरायचं आणि हातावर जोरानं फुंकायचं. हात उचलला की तेवढी जागा कोरी राहते. नागपूरची मंडळी आता लेकीसुनांकडे सिडनी-मेलबर्नला जातात, एखाद्या सुट्टीत असलं काही पाहून येतात आणि महिनाभर त्याचं कौतुक सांगतात. त्यात वावगं काही नाही. पण प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना नागपूरशेजारचा हिंगणा माहीत असतो तो एमआयडीसीमुळे नव्हे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

हिंगण्याला लागून असलेल्या रायपूरला 1985 ते 1990 या काळात उत्खनन झालं. गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांचा त्यावरचा अहवाल 1992 साली निघाला. त्याच्या आधी, 1968-69 मध्ये, शां. भा. देवांनी बुटीबोरीकडच्या टाकळघाट आणि खापा इथं काम केलं होतं. टाकळघाटला राहती वस्ती सापडली आणि खाप्याला त्याच काळातली दफनं. काटोल रोडला जुनापाणी, तिथं 300 च्या आसपास शिळावर्तुळं. पलीकडे माहूरझरी. नागपूरभोवती इसवी सनापूर्वी साधारण 1000 ते 300 या काळातलं लोखंड वापरणाऱ्या माणसांचं एक अख्खं जग जमिनीत आहे. मग मुतविंजीसारखं उद्यान इथं का नको? वाट आखा, गावातली पोरं वाटाडे म्हणून तयार करा आणि लोकांना येऊ द्या.

शंकेखोर : उदाहरण झकास निवडलंत, पण त्याची पहिली अर्धी गोष्ट गाळलीत. मुतविंजीचं राष्ट्रीय उद्यान झालं 1982 मध्ये. लगेच पुढच्या वर्षी, 1983 मध्ये, तिथले आदिवासी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी पर्यटकांची वाट अडवली. जागा आमची आहे, मालकांनी ती बंद केली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. कुणी कुठं जावं, काय पाहावं आणि काय पाहू नये याचे त्यांचे नियम होते. सरकारी नकाशानं ते विचारातच घेतले नव्हते. पुढं 15 वर्षं गेली. 1998 मध्ये उद्यानाची मालकी त्यांच्याकडे परत आली. त्या राज्यात असं परत मिळालेलं ते पहिलं उद्यान. त्यांनी ते सरकारला भाडेपट्ट्यानं दिलं आणि कारभाराच्या मंडळात बहुमत स्वतःचं ठेवलं. चित्रांचा मुख्य भाग वाटाड्याशिवाय बघायचा नाही, असा शिरस्ता पडला.

तर तुम्हाला आवडलेला तो वाटाडा काही पर्यटन खात्याच्या योजनेतून आलेला नाही. आधी दार बंद करण्याची ताकद सिद्ध झाली, मग आमंत्रण आलं. रायपूरच्या वाटेत आडवं कोण येणार आहे? इथला यजमान कोण?

आणि दुसरं. तिथं चित्रं आहेत, इथं थडगी. मोठाल्या काळ्या दगडांचं कडं, आत गोट्या-मुरमाचा भराव आणि त्याखाली माणसांची हाडं, लोखंडी हत्यारं, मडकी. माहूरझरीला घोड्यांचीही हाडं निघाली, त्यांच्या तोंडावर चढवलेल्या तांब्याच्या साजासकट. कुणाच्या तरी मातीवर उभं राहून फोटो काढायची सोय तुम्ही करू म्हणता.

हौशी : थडगी आहेत, कबूल. पण खडकावरच्या खुणा इथं नाहीत असं समजू नका. जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीच्या आकाराचे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1867 च्या सुमारास तिथं खणलं. त्याच्या डोळ्यांत ते खळगे भरले आणि 1879 मध्ये त्यांची तुलना युरोपात सापडलेल्या तशाच खुणांशी करून तो मोकळा झाला. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी या खळग्यांच्या दिशा मोजल्या, त्यांचा आकाशाशी काही संबंध लागतो का ते पाहिलं. अर्थ लागला असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कुणीतरी, काहीतरी मनात धरून दगडावर घाव घातले होते, एवढं तर दिसतंच.

आणि रंगातली चित्रंच हवी असतील तर तीही लांब नाहीत. मोर्शीच्या पुढे सातपुड्यात, अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या सीमेवर धारूळजवळ, 2007 मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाला चित्रांच्या गुहा सापडल्या. डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे सोबती. सरकारी खात्यानं त्यांना धाडलं नव्हतं, ते आपल्या हौसेनं डोंगर तुडवत होते. हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. विष्णू श्रीधर वाकणकरांना 1957 मध्ये भोपाळजवळचं भीमबेटका दिसलं ते आगगाडीतून जाताना. खडकांची ठेवण ओळखीची वाटली म्हणून ते उतरून चालत गेले. त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळायला 2003 साल उजाडलं. हौशी माणूस वाटेत आला नसता तर आज वाद घालायला तरी काय उरलं असतं?

शंकेखोर : शोधायला एक माणूस जातो, पाहायला हजार. हे गणित वेगळं आहे. फ्रान्समधली लास्को गुहा चार पोरांना 1940 मध्ये सापडली आणि 1948 मध्ये ती लोकांना खुली झाली. माणसांच्या श्वासानं आतली हवा बदलली, भिंतींवर शेवाळ आणि पांढरी पुटं चढायला लागली. 1963 मध्ये दार लावावं लागलं, ते आजतागायत. आता लोक नकल पाहतात. सतरा हजार वर्षं टिकलेल्या चित्रांना 15 वर्षांचं कौतुक सोसलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्याच उलुरूचं ऐका. तो प्रचंड तांबडा खडक आणि त्याच्या पायथ्याच्या कपारींतली चित्रं. पूर्वी तिथले वाटाडे फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर पाणी मारायचे. सातपुड्यातल्या एखाद्या कपारीत कुणी बाटलीतलं पाणी शिंपडलं तर त्याला थांबवायला कोण असेल? जंगलातल्या कपारी उघड्या असतात. पावसात लोक त्यांच्याच आडोशाला थांबतात, चूल मांडतात, कोळशानं नाव लिहितात. धारूळजवळच्याच अंबादेवीच्या गुहेकडे भाविक आधीपासून जातात. त्यात उद्या वीकेंडच्या गाड्यांची भर पडली की काय होईल ते सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही.

हौशी : मग पर्यटक येत नाहीत तिथं सगळं सुरक्षित राहिलं असतं. तसं दिसतं का? पश्चिम ऑस्ट्रेलियात जूकन घळीतल्या गुहांत माणसाच्या वावराचा 46 हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा पुरावा होता. मे 2020 मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीनं लोहखनिजासाठी त्या सुरुंगानं उडवल्या आणि तशी कायदेशीर परवानगी कंपनीकडे होती. तिथं तिकीटखिडकी नव्हती, गर्दीही नव्हती.

आपल्याकडे सुरुंगाचीही गरज पडत नाही. शिळावर्तुळाचे दगड म्हणजे फुकटचे, आयते, हाताशी असलेले गोटे. एकानं धुऱ्यावर लावले, दुसऱ्यानं घराच्या पायात घातले. आतला भराव म्हणजे मुरूमच. टिप्पर आला की दोन तासांत जागा सपाट. नागपूर चहूबाजूंनी वाढतं आहे. हिंगण्याच्या बाजूला कारखाने, कॉलेजं, मेट्रो आणि लेआउट. ले-आउटवाल्याच्या चुन्याच्या रेघा वर्तुळाला वळसा घालत नसतात. एक वर्तुळ गेलं तर पंचनामा होत नाही, कारण तिथं काही होतं हे पाहिलेला माणूसच नसतो. पाहणारे लोक हा निदान साक्षीदारांचा जथा तरी आहे.

कोकणाकडे बघा. रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं गावकऱ्यांच्या पायाखालची होती, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी सडे पालथे घातले, नोंदी केल्या आणि लोक पाहायला येऊ लागले. उक्षीला गावानं पुढाकार घेऊन शिल्पाला कठडा केला. 2022 मध्ये कोकणातल्या आणि गोव्यातल्या जागा मिळून युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. पुढच्या वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला, तेव्हा शिल्पांचं काय हा प्रश्न वर्तमानपत्रांत आला. वीस वर्षांपूर्वी तो कुणी विचारलाच नसता.

शंकेखोर : कोकणचा सडा आणि हिंगण्याचं वावर यांत फरक आहे. सड्यावर फारसं पिकत नाही. वावरात पऱ्हाटी उभी असते, तूर असते. आता त्या वावराच्या मालकाच्या जागी बसून हिशेब करा.

त्याच्या सातबाऱ्यावर पीक लिहिलेलं असतं, विहीर लिहिलेली असते, बँकेचा बोजा लिहिलेला असतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचं थडगं लिहिलेलं नसतं. उद्या जागा केंद्राच्या संरक्षणाखाली आली तर 1958 चा कायदा आणि त्यातली 2010 ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीशिवाय काही नाही. नांगराला काही सापडलं तर 1878 चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे निघेल ते कलेक्टरला कळवायचं. म्हणजे कळवलं तर जमिनीचा भाव पडतो, चौकशी मागे लागते आणि गावात गुप्तधनाची बोंब होते. दगड उचलून धुऱ्यावर टाकले तर काहीच होत नाही. शहाणा माणूस काय करील?

तुमचा साक्षीदारांचा जथा या हिशेबातला एकही आकडा बदलत नाही. उलट तो आला की शेतकऱ्याला कळतं, आता सरकार येणार. जो दगड आणखी दहा वर्षं राहिला असता तो पुढच्या पेरणीआधी जातो.

हौशी : हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो भेटीच्या विरोधात जात नाही. तो सांगतो की शेतकऱ्याला या व्यवहारात काही मिळत नाही. मग मिळू द्या. उलुरूची जमीन 26 ऑक्टोबर 1985 ला तिथल्या अनंगू लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती 99 वर्षांच्या करारानं सरकारला दिली. त्यांना भाडं मिळतं, प्रवेश शुल्कातला वाटा मिळतो. रायपूरच्या ज्या शेतकऱ्याच्या वावरात वर्तुळ आहे त्याला दर वर्षी ठरलेली रक्कम द्या, बांधकाम थांबलं त्याचा मोबदला द्या आणि दाखवायचा अधिकारही त्याच्याच घराला द्या. तुम्ही मघापासून यजमान शोधताय ना? तो तिथंच आहे, वखर धरून उभा आहे.

शंकेखोर : पैसे जरूर द्यावेत. पण पैसे मिळाले म्हणून तो अनंगूंच्या जागी जाऊन बसत नाही. त्यांचा अधिकार सातबाऱ्यासारख्या कागदातून आलेला नव्हता; त्या खडकाच्या प्रत्येक भेगेशी त्यांच्या कथा, विधी, आचारधर्म बांधलेले आहेत, आणि ते सांगणारे म्हातारे आजही आहेत. खडकावर चढू नका, हे ते वर्षानुवर्षं विनवत होते. जमीन परत देताना मात्र चढाई चालू ठेवण्याची अट सरकारनं गळ्यात मारली. ती बंद व्हायला 26 ऑक्टोबर 2019 ची वाट पाहावी लागली आणि बंद होणार हे कळल्यावर शेवटच्या महिन्यांत चढायला रांगा लागल्या. यजमान जिवंत असून, बोलत असून, त्यांचा शब्द पडायला 34 वर्षं गेली. इथं यजमान बोलतच नाही. रायपूरला पुरलेली माणसं कोणती भाषा बोलत, त्यांचे वंशज कोण, हे आपल्याला सांगता येत नाही. त्यांच्या वतीनं आमंत्रण द्यायला आणि त्यांच्या वतीनं दार लावायलाही कुणी नाही.

हौशी : अगदीच कुणी नाही असं कसं म्हणता? भामरागडकडे जा. माडिया गोंड मेलेल्या माणसाच्या नावानं आजही दगड उभा करतात. बस्तरच्या माडियांबद्दल तर गेल्या शतकापासून लिहिलं गेलंय. मृताला दगडानं जपायची रीत विदर्भाच्या पूर्वेला अजून श्वास घेते आहे. ती माणसं जुनापाणीला आली, त्यांनी तो दगड कसा पाहावा ते सांगितलं, तर पाहणाऱ्याची नजर बदलेल. आणि नकार द्यायचा कायदेशीर मार्गही विदर्भाला नवा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जंगलात काय चालेल आणि काय नाही, हे तिथली ग्रामसभा ठरवते. मुतविंजीसाठी ऑस्ट्रेलिया गाठायची गरजच नाही.

शंकेखोर : मेंढ्याचा हक्क वापरातून आला. बांबू, मोह, पाणी, सरपण. जंगलावाचून त्यांचं चालत नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. रायपूरच्या वर्तुळावाचून रायपूरचं काय अडतं?

माडियांबद्दल मात्र जपून. त्यांची रीत पाहून हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांविषयी तर्क करणं हे अभ्यासकाचं काम, आणि तो तर्कच असतो. पण सोय म्हणून त्यांना जुनापाणीचे वारस नेमणं म्हणजे पुन्हा एकदा दुसऱ्याच कुणीतरी त्यांचं नातं ठरवणं. ब्रिटिश काळातल्या नोंदींत इथल्या लोकांनी ही वर्तुळं गवळ्यांची म्हणून सांगितल्याचं दिसतं. गाई घेऊन हिंडणाऱ्या जुन्या गवळी राजांचे हे तळ, अशी समजूत. मग ती समजूत बाजूला सारून माडियांना बोलवायचं कुणी ठरवलं? रिव्हेट-कार्नॅकनं ठरवलं की हे युरोपातल्यासारखं आहे. त्यानं मिळवलेल्या वस्तूंपैकी काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. ज्याला जसं नातं जोडावंसं वाटलं तसं त्यानं जोडलं. दगड हरकत घेत नाहीत.

हौशी : ठीक आहे, वंशजांचा हट्ट सोडू. तुमच्याच बोलण्यातून एक कसोटी निघते. यजमान म्हणजे ज्याला नाही म्हणता येतं आणि नाही म्हणताना ज्याचं काही पणाला लागलेलं असतं. वारस असो वा नसो. ही कसोटी धरली तर वावराचा मालक बसतो, गाव बसतं, धारूळकडच्या जंगलात वावरणारी माणसं बसतात. पर्यटन कंपनी बसत नाही. शनिवारी फोटो टाकून सोमवारी विसरणारा आपल्यासारखा माणूस तर नाहीच नाही.

त्यावरून पुढची व्यवस्थाही सुचते. सगळं एकाच मापानं मोजायचं नाही. जुनापाणी आधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खननही केलं. गर्दी न्यायची तर तिथं न्यावी. त्यासोबत 1863 पासून उभा असलेला आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय, दाखवावा. भीमबेटक्यात सातशेहून अधिक निवारे आहेत, पण सामान्य पाहुण्याला पंधराएकच दिसतात; बाकीचे आपापल्या जागी शांत आहेत. सातपुड्यातल्या चित्रांचंही तसंच करावं. रायपूर आणि खाप्याचं ज्याचं वावर त्याच्याशी बोलून ठरवावं. आणि सगळ्याच्या आधी, कुणी पाहुणा येण्याच्या आधी, प्रत्येक वर्तुळाची महसुलाच्या कागदावर नोंद व्हावी.

शंकेखोर : नोंद आधी, पाहुणा नंतर, हा क्रम तुम्ही मान्य केलात म्हणजे निम्मं भांडण मिटलं. चित्रांना धोका हाताचा आणि पाण्याचा, म्हणून तिथं माणसं आवरायची. वर्तुळांना धोका पोकलेनचा, म्हणून तिथं माणसं असलेली बरी. हेही पटतं. पण तुमच्या कसोटीत एक फट राहिली आहे आणि ती लहान नाही.

मुतविंजीच्या लोकांनी पर्यटकांना अडवलं ते जागा राहावी म्हणून. हिंगण्याचा शेतकरी तुम्हाला अडवील तेव्हा त्याचं कारण उलटं असू शकतं. त्याला ले-आउट पाडायचा असेल, पोरीचं लग्न असेल, एकराला आलेला भाव पुन्हा येणार नसेल. नाही म्हणायचा अधिकार तुम्ही त्याला आत्ताच दिलात, आणि त्याचं पणाला लागलेलंही खरं आहे. मग त्याचा नकार तुम्ही मानणार का?

हौशी : वर्तुळापाशी येऊ नका म्हणाला तर मानीन. वर्तुळ मोडतो म्हणाला तर नाही.

शंकेखोर : म्हणजे तुमच्या मनासारखा असेल तोवरच यजमानाचा शब्द चालणार. 1985 मध्ये कॅनबेराच्या सरकारनंही अनंगूंना हेच सांगितलं होतं, जमीन तुमची, चढाई आमची.

हौशी : त्यांनी पाहुण्यांच्या मजेसाठी अट घातली होती. इथं जी घातली जाईल ती वस्तू राहावी म्हणून. दोन्ही एकाच मापात तोलू नका.

शंकेखोर : तोलत नाही. पण वस्तू कुणासाठी राहावी हे कोण सांगणार? मेलेले सांगत नाहीत, शेतकऱ्याला नको आहे, माडियांना विचारायचं नाही असं आत्ताच ठरलं. उरता तुम्ही आणि तुमच्यासारखे पाहणारे. शेतकऱ्याच्या वावरावर तुमचा हक्क नेमका कशाचा?

हौशी : हक्क म्हणणार नाही. पण तुम्हीही सांगा, तुमचं ऐकून लोकांनी पाय मागे घेतला आणि दहा वर्षांत रायपूरला वर्तुळ उरलं नाही, तर त्याचा जाब तुम्ही कुणाला देणार आहात?

शंकेखोर : त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पण मोबदल्याचा दर ठरवायला बसाल तेव्हा हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्या, आणि तो तहसील कचेरीत नव्हे, गावात विचारा.